होळीनंतरचं तळं

माझं लग्न एका तळ्यानं अडवून धरलं होतं. मुलींची लग्नं हुंड्यावरून अडतात, मंगळावरून अडतात, रंगावरून तर अडतातच. तळ्यावरून अडलेली मी एकटीच असेन. आणि ते तळंही आमच्या खोऱ्यातलं नव्हे, पार उत्तरेतलं, जे मी जन्मात पाहिलं नाही. चार बायका जमून आपापल्या लग्नाच्या गोष्टी सांगायला लागल्या की मी गप्प बसते. सांगितलं तर त्या हसतात आणि मग मला राग येतो.

आमचं गाव राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या अलीकडं. खालून गुंजवणी वाहते. आता तिच्यावर पूल झालेत. तेव्हा पावसाळ्याचे चार महिने नदी म्हणेल तो कायदा होता. भोरच्या दरबाराचा हुकूमसुद्धा पलीकडच्या काठावर पाणी उतरायची वाट बघत थांबायचा. कुणाला विंझरला जायचं असलं, गाभण म्हैस पल्याड न्यायची असली, की लोक आधी माझ्या वडलांना विचारायचे. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. आबा काठावर उभे राहायचे, पाण्यात एक खडा टाकायचे, जरा कान देऊन ऐकायचे आणि सांगायचे, "जावा," नाहीतर "थांबा." आबांना नदी कळते असं गाव मानायचं, आणि आबा तर गावापेक्षा जास्त मानायचे.

त्यांचा एक पाठ होता. आम्हा दोघा भावंडांना तो शुभंकरोतीच्या आधी आला असेल. "आखाडात पाण्याला पाठ दाखवावी, दिवाळीला काठी घिऊन उतरावं, आन् होळी झाली की डोळं मिटून पाय टाकावा." ऊन वाढलं की नदी नरम येते, असा त्याचा अर्थ. आमच्या खोऱ्यात हा पाठ कधी कुणाला नडला नाही.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आबांचा पट्टशिष्य. वाळके भोपळे पोटाला बांधून तो पोहायला शिकला आणि पुढं भोपळ्यांनाच त्याची लाज वाटावी असा पोहायला लागला. श्रावणात नदी लाल होऊन धावत असताना वाहून चाललेली वासरं शेपटीला धरून काठाला आणायचा. मोठी लढाई सुरू झाली तसे भरतीवाले आले, त्यांनी त्याची छाती मोजली आणि त्याला खेचरांच्या पलटणीत घातला. घरचा एक बैल त्याला कधी आवरला नव्हता. सरकारनं त्याच्या हाती खेचरं दिली. ही लढाई लांबणार, हे आबांनी त्याच दिवशी सांगितलं.

एके वर्षी ऐन वैशाखात भोरच्या कचेरीचा पट्टेवाला घाम पुसत दारात आला. सरहद्दीकडच्या डोंगरांत तुमचा मुलगा तळ्यात बुडून मयत झाला, असा निरोप त्यानं उभ्या उभ्या सांगितला. आई होती तिथंच खाली बसली. आबांनी मात्र शांतपणे विचारलं, "बुडून?"

"व्हय."

"मग घर चुकलं तुमचं," आबा म्हणाले.

त्यांनी पट्टेवाल्याला सावलीत बसवलं, भाकरी-ताक दिलं आणि ज्याचा मुलगा बुडाला असेल त्याचं घर शोधायला पुढच्या गावाला पाठवलं. तो बिचारा खरंच पुढच्या गावात जाऊन विचारून आला असं नंतर कळलं.

भावकीची मोठी पंचाईत झाली. सुतक धरावं तर बाप म्हणतो पोरगा जिवंत आहे. न धरावं तर सरकार म्हणतं मेलाय. शेवटी निम्म्या भावकीनं सुतक धरलं, निम्म्यांनी धरलं नाही, आणि एका चुलत्यानं सकाळी धरून संध्याकाळी पाव्हणे आले म्हणून सोडलं. आबांनी दादाचे दिवस घातले नाहीत. घरात त्याचं नाव घेताना "आला की" म्हणायची सक्ती होती. दादा आला की पडवी शाकारू, दादा आला की पाण्याच्या पाटाचं बघू.

त्यात माझं लग्न ठरलेलं. मुलगा भोरजवळच्या एका शाळेत मास्तर. आमच्यात लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. बहिणीला नीट वागवा, मागं आम्ही आहोत, एवढं सगळं त्या एका पिळात सांगायचं असतं आणि त्याबद्दल पागोटं मिळवायचं असतं. सख्खा भाऊ नसला तर चुलत चालतो, मावस चालतो, अगदी शेजारचाही चालतो. कान तेवढा नवरदेवाचाच लागतो. पण आबा म्हणाले, "सख्खा असताना चुलत कशापायी? यिऊ द्या त्याला." झालं. माझं लग्न दादाच्या येण्याला बांधलं गेलं. आबांना खोटं पाडावं तर भाऊ मेला, खरं मानावं तर लग्न नाही. मी सतरा वर्षांची होते आणि मला दोन्ही हवे होते, भाऊही आणि मास्तरही. हे तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती.

दिवाळी झाल्यावर विंझरचा एक शिपाई पलटणीतून कायमचा घरी आला. दादाच्याच तुकडीतला. घरी दोन दिवस टेकला असेल नसेल, तो आमच्याकडं आला. आबांच्या पाया पडला, ओसरीवर बसला आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. गावातले निम्मे लोक ऐकायला जमले होते.

"आबा, तिकडं थंडीत तळ्याचं पाणी घट्ट हुतं. दगडावानी. वरनं बरफ पडतो, तांदळाच्या पिठावानी, समदं पांढरं. तळं कुठं आन् जमीन कुठं, कळत न्हाई. आमी थंडीभर खेचरं तळ्यावरनंच न्यायचो. कडंनं गेलं तर निम्मा दिस जायचा."

"खेचरं? पाण्यावरनं?" आबांनी विचारलं.

"लादलेली."

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. शिपाई पुढं म्हणाला, "फाल्गुन सरत आला. ऊन पडाय लागलं. तिथली माणसं म्हणली, आता तळ्यावरनं जाऊ नगा. तर तुमचा ल्योक हसला. म्हणला, होळी झाली, आता कशाला भ्यायचं?"

"खोटं!" आबा ओरडले आणि उठून गोठ्यात गेले.

त्या दिवसापासून विंझरकराचं तळं ही आमच्याकडं म्हण झाली. कुणी लांबण लावायला लागलं की लोक म्हणायचे, "आलं विंझरकराचं तळं." आभाळातून पीठ पडतं तर त्या मुलखात उपाशी कोण राहत असेल, असा एका म्हातारीला प्रश्न पडला. मुंबईच्या गिरणीत राहून आलेला एक गडी होता. त्यानं बर्फ डोळ्यांनी पाहिलेला, एकदा चोखलेलाही. त्यामुळं या विषयात त्याचा शब्द अखेरचा. तो म्हणाला, "बरफ असतो. न्हाई कोण म्हणतंय? पर त्यो कारखान्यात करत्यात. त्याला यंत्र लागतं. तळ्यात यंत्र कोण बशिवणार?" हे बिनतोड होतं. आबांनाही ते पटलं. बर्फ असेल, पण आपसूक होणार नाही, आणि झाला तरी माणसाला पेलणार नाही. त्यावरून लादलेलं खेचर चालतं म्हणणारा माणूस काहीतरी लपवतोय, असा निकाल त्यांनी दिला.

मास्तरांच्या कानावर हे गेलं. थंड मुलखात तळी गोठतात, हे मी मुलांना दरसाल शिकवतो, असा त्यांनी मध्यस्थाकरवी निरोप धाडला. आबा म्हणाले, "मास्तरला लग्नाची घाई झालीया. त्यो आता काय बी शिकवंल."

आईनं मात्र पहिल्याच दिवशी विश्वास ठेवला, आणि तोही तळ्यावर नव्हे. शिपायानं भाकरी घ्यायला हात पुढं केला तेव्हा तिनं त्याची बोटं पाहिली. उजव्या हाताची बोटं पेरातून तोकडी होती, टोकाला काळपट. तिनं हळूच विचारलं. तो ताटाकडं बघत म्हणाला, "त्याला वढताना हात पाण्यात ऱ्हायला, मावशी. मागनं बोटं मेली. डाक्तरनं काढली." आईनं त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि आत जाऊन चुलीकडं तोंड करून बसली. रात्री तिनं आबांना बोटांचं सांगितलं.

"चरकात गेली असत्याल," आबा म्हणाले. "गुऱ्हाळावर दर साली कुणाची तरी जात्यात."

शिपाई पुन्हा येणार नाही असं मला वाटलं होतं. तो आला. आठ-पंधरा दिवसांनी यायचाच. गावातली पोरं पाणंदीपासून त्याच्यामागं यायची आणि डबकं दिसलं की "चाला की पावणं यावरनं" म्हणायची. तो मुकाट्यानं ओसरीवर येऊन बसायचा. आबा त्याला पाणी द्यायचे, पान द्यायचे, आणि स्वतःच म्हणायचे, "हां, सांग. पयल्यापासनं सांग." मग पुन्हा ते डोंगर, तो पिठासारखा पडणारा बर्फ, दादाचं खेचर चंदी खाताना दादाची टोपी कशी ओढायचं, दादानं शेकोटीपाशी गावचं भारूड कसं म्हटलं. आबा मांडी घालून ऐकायचे, मध्येच हसायचेसुद्धा. आणि गोष्ट होळीपाशी आली, "आता कशाला भ्यायचं" हे शब्द आले, की "खोटं!" म्हणून उठायचे. कधी एक शब्द अलीकडं नाही, कधी पलीकडं नाही.

मला तेव्हा आबांचा संताप यायचा. खोटं वाटतं तर बोलावता कशाला, आणि बोलावता तर पुरतं ऐकत का नाही? पुढं मला मुलं झाल्यावर त्यातलं निम्मं कळलं. त्या वाक्याच्या अलीकडं दादा जिवंत होता, टोपी घालून हिंडत होता. आबा तेवढ्यासाठी त्या माणसाला बोलवायचे. उरलेलं निम्मं मला त्याआधीच कळलं होतं, त्याचं पुढं येईलच.

गाव कंटाळलं तेव्हा कौल लावायचं ठरलं. आमच्या देवीच्या दोन्ही खांद्यांना गुरव ओल्या फुलाच्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. माघातली पहाट, अंगावर घोंगड्या, सगळं गाव देवळात. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "आई, विंझरकर बोलतो ते खरं का खोटं?" शिपाई खांबाजवळ हात जोडून उभा. आबा त्याच्या समोर. मी बायकांत.

उजवी पडली नाही. डावीही पडली नाही. उन्हं देवळात आली, पोरं भुकेनं रडायला लागली, म्हशी धारांसाठी ओरडायला लागल्या, तरी पाकळ्या जागच्या जागी. गुरवानं दिव्याची वात पुढं सारून देवीला जरा ऊबही देऊन पाहिली. दुपारी तो घाम पुसत म्हणाला, देवीच्या मनात आज नाही. लोकांनी आपापल्या मनासारखे अर्थ लावून घेतले. मला मात्र त्या दिवशी देवीबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. ती तरी आमच्या खोऱ्याबाहेर कधी गेली होती? जे पाहिलं नाही त्याची साक्ष तिनं दिली नाही. गावात एवढा सरळपणा तिच्याखेरीज कुणाला जमला नव्हता.

देऊळ सुटल्यावर गावातल्या एका वडीलधाऱ्यानं शिपायाला बाजूला घेतलं. मी तिथंच जोड्यांपाशी उभी होते. ते म्हणाले, "बाबा, कशाला वाढिवतोस? म्हण की थट्टा केली, तळं बिळं काय नव्हतं, तापानं गेला. म्हातारा तापावर इस्वास ठिवंल. पोरीचं लगीन हुईल."

तो शिपाई एरवी खाली मान घालून बोलायचा. तेव्हा त्यानं मान वर केली. "बरफ खोटा म्हणलो तर बोटं मेली म्हणून म्या त्याला सोडला, ते बी खोटं हुतंय, तात्या. ताप असता तर म्या त्याला पाठीवर घालून आणला असता."

त्या माणसालाही कुणीतरी खरं म्हणायला हवं होतं, हे मला त्याच दिवशी कळलं. तोवर मी फक्त माझ्या लग्नाचा विचार करत होते.

चैत्रात मला घेऊन आबा शिवऱ्याला गेले. माझी आत्या तिथं दिलेली, तिच्या गावची जत्रा होती. शिवरे हमरस्त्यावरचं. पुण्याहून साताऱ्याकडं जाणाऱ्या मोटारी तिथं थांबायच्या, आणि उतारूंसाठी एकानं सोडा-लिंबाचं दुकान थाटलं होतं. परतताना ऊन मी म्हणत होतं. आबा पाणी प्यायला त्या दुकानाशी थांबले. तेवढ्यात मोटार आली, टपावरून गोणपाटात गुंडाळलेलं एक ओझं दोघांनी धरून खाली घेतलं आणि दुकानाच्या पडवीत दोन विटांवर ठेवलं. दुकानदारानं गोणपाट सोडलं, लाकडाचा भुसा झटकला. आत बर्फाची लादी होती. वाफाळणारी, मधून दुधट, हातभर रुंद.

आबा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी जोडे काढले. धोतर सावरलं. दुकानदार गिऱ्हाईकाच्या सोड्याची गोळी दाबत होता, त्याचं लक्ष नव्हतं. आबा सरळ त्या लादीवर चढून उभे राहिले.

आयुष्यात मी एवढी शरमले नव्हते. मोटारीतली माणसं खिडक्यांतून बघायला लागली. लादी हलली नाही, मोडली नाही. माझा सहा फुटी बाप, डोक्यावर पागोटं, खांद्यावर घोंगडी, गोठलेल्या पाण्यावर उभा होता. त्यांनी एक पाय उचलून पुन्हा जोरानं टेकवला, पुरात काठीनं तळ चाचपतात तसा.

"पेलतंय," ते म्हणाले.

त्यांचे पाय लाल झाले होते तरी ते उतरेनात. "पेलतंय की गं," ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर हसू होतं. शिपाई खोटा नव्हता, खेचरं खरंच चालली असतील, दादाही चालला असेल. मला वाटलं, संपलं, सुटलो आपण.

तेवढ्यात दुकानदार ओरडला, "आवं बाबा, उतरा! खायाची चीज हाय ती. आन् वाटंतल्या उन्हानं आधीच बोदी, भुसभुशीत झालीया, मोडंल."

आबांनी विचारलं, "उन्हानं?"

"मग कशानं? थंडीत आणली तर ह्याच लादीवर गाडी घाला. ऊन वाढलं की बरफातला जीव जातो."

आबांच्या पायाखाली कट्कन आवाज झाला. लादीला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली. आबा उतरले. पडवीच्या कडेला उन्हातच, जोड्यांशेजारी बसले. हसू अजून तोंडावर तसंच राहिलं होतं आणि ते कुठं ठेवावं हे त्यांना समजत नसावं. मी जवळ गेले तर ते स्वतःशीच म्हणत होते, "होळी झाली की... होळी झाली की..." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "त्याला त्ये म्याच शिकिवलं हुतं, पोरी."

आबा त्याच वाक्यापाशी का उठायचे, ते मला तिथं कळलं. आबांची नदी ऊन वाढलं की पार व्हायला उतार द्यायची. त्या मुलखातलं तळं ऊन वाढलं की उतार काढून घ्यायचं. दादानं परक्या पाण्यावर घरचा पाठ म्हटला होता, एक अक्षर न चुकता.

दुकानदारानं लादीची भरपाई मागितली नाही. त्यानं तुटलेला एक तुकडा फडक्यात बांधून आबांच्या हातात दिला, म्हाताऱ्याला ऊन लागलं असं समजून. आबांनी तो घरी नेण्यासाठी घोंगडीत नीट गुंडाळला. वाटेत त्यातून पाणी गळत राहिलं. विंझर आलं तेव्हा नुसतं ओलं फडकं उरलं होतं. आबा तसेच शिपायाच्या दारात गेले. तो बाहेर आला. आबा म्हणाले, "चल. होळीच्या म्होरचं सांग."

त्यानं उभ्यानंच सांगितलं. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. खोटं म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दादाचे दिवस घालायला सुरुवात झाली. त्या दिवशी आबा मोठ्यानं रडले, आणि अर्ध्या भावकीनं जे सुतक आधीच पाळून संपवलं होतं ते पुन्हा पाळलं. दहाव्याला नदीवर गेलो. गुंजवणी घोट्याएवढी होती. डोळे मिटून कुणीही उतरलं असतं, पण आबा पाण्यात पाय टाकायला तयार होईनात. आईनं त्यांचा हात धरून त्यांना उतरवलं. त्यानंतर गावातलं कुणी नदीचं विचारायला आलं, की आबा म्हणायचे, "मला न्हाई कळत बाबा. तुझं तू बघ."

घरात मयत झालं की वर्षाच्या आत लग्न करून टाकावं, नाहीतर पुढं लांबतं, या रीतीनं, वर्ष दिवस घातल्यापासून मोजून, भर वैशाखात माझं लग्न झालं. कान पिळायची वेळ आली तेव्हा चुलत भाऊ मुंडाशी बांधून पुढं सरसावले. पागोटं चांगलं होतं. आबांनी त्यांना हातानंच थोपवलं आणि मांडवाच्या टोकाला उभ्या असलेल्या विंझरच्या शिपायाला हाक मारली. तो नको नको म्हणत होता. आबा म्हणाले, "ये बाबा. त्याच्या जागी तूच हायेस." तो आला. त्यानं त्या तोकड्या बोटांनी मास्तरांचा कान धरला, आणि तुकडीत शिकल्यासारखा चांगला पिळला.

रात्री वऱ्हाडाच्या बैलगाडीत मास्तर कान चोळत होते. उकाड्यानं जीव जात होता. मी विचारलं, फार दुखलं का? लग्नानंतर मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"दुखलं नाही," ते म्हणाले. "पण तुझ्या भावाचा हात फार गार होता."